श्वाबश्ट्रासे: डोंगराखाली वळणाऱ्या लोकलचं प्रकरण

जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या मुख्य स्थानकाच्या भुयारी फलाटावर उभं राहिलं की इंडिकेटरवर जवळपास प्रत्येक दुसऱ्या गाडीसमोर एकच नाव दिसतं: श्वाबश्ट्रासे. नव्या माणसाला वाटतं, हे दूरचं कुठलं तरी मोठं उपनगर असणार, आपल्या कर्जत-कसाऱ्यासारखं. प्रत्यक्षात ते तिथून तिसरं स्थानक आहे. मध्ये श्टाटमिट्टे, मग फॉयरझे, की आलंच. भरवस्तीतल्या रोटेब्यूलश्ट्रासे या रस्त्याखालचं हे भुयारी ठिकाण गुस्टाव श्वाब या एकोणिसाव्या शतकातल्या कवीच्या नावाच्या रस्त्यावरून ओळखलं जातं. वर चारपाच मजली जुन्या इमारती, बेकऱ्या, बसथांबे. टर्मिनस म्हटल्यावर जो भव्य घुमट, जो पसारा डोळ्यांसमोर येतो, त्यातलं इथे काहीच नाही.

तरीही उपनगरी रेल्वेच्या अभ्यासात हे स्थानक प्रकरण म्हणून घेण्याजोगं आहे. एस-बान ही त्या शहराची लोकल. तिचे सहा मुख्य मार्ग शहराच्या मध्यातून एकाच दुहेरी भुयारी मार्गाने जातात. गर्दीच्या वेळी प्रत्येक मार्गावर दर 15 मिनिटांनी गाडी असते, म्हणजे सहांच्या मिळून एका दिशेला तासाला 24. दर अडीच मिनिटांना एक. त्यांतले एस1, एस2 आणि एस3 श्वाबश्ट्रासेला थांबून पुढे डोंगराखालून फाइहिंगेन या उपनगराकडे जातात. एस4, एस5 आणि एस6 इथेच संपतात. एकच स्थानक निम्म्या गाड्यांचं शेवटचं आणि उरलेल्या निम्म्यांचं मधलं. संपणारी गाडी रिकामी करायची, उलट दिशेला लावायची आणि हे सगळं मागून अडीच मिनिटांवर असलेल्या गाडीला न अडवता.

गाडी उलटवणं म्हणजे काय

चर्चगेटला हा प्रश्न फलाटांनी सोडवला आहे. चार फलाट, त्यामुळे एक गाडी उभी असताना दुसरी दुसऱ्या फलाटावर येऊ शकते. शिवाय लोकलच्या दोन्ही टोकांना माणूस असतोच, पुढे मोटरमन आणि मागे गार्ड. गर्दीच्या वेळी सुटणाऱ्या टोकाला दुसरा मोटरमन तयार ठेवला की गाडी काही मिनिटांत परत निघते. जमिनीवर जागा असली की हे जमतं. रस्त्याखाली, इमारतींच्या पायांच्या मधोमध, 200 मीटर लांबीचे चार फलाट खोदायचे म्हणजे अख्खा मोहल्ला उचलून ठेवण्याचं काम.

एस-बानमध्ये गार्ड नाही, एकटा चालक. पूर्ण लांबीची गाडी तीन युनिट जोडून साधारण 200 मीटरची होते. चालकाने एका टोकाची केबिन बंद करायची, फलाटावर उतरायचं, गर्दीतून 200 मीटर चालत दुसऱ्या टोकाला जायचं, ती केबिन चालू करायची, ब्रेक तपासायचा, सिग्नलची वाट पाहायची. झपझप चाललं तरी नुसत्या चालण्यात दोन-अडीच मिनिटं जातात. बाकीचं धरून चार-पाच. एवढा वेळ ती गाडी पुढे जाणाऱ्या रुळावर उभी राहिली तर मागची एस1 फॉयरझेला अडकणार, तिच्यामागची श्टाटमिट्टेला आणि पंधरा मिनिटांत खोळंबा थेट मुख्य स्थानकापर्यंत. त्यातून उलटताना सांधे ओलांडून समोरच्या रुळावर जावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ समोरून येणाऱ्या गाड्यांचाही रस्ता बंद.

यावर नेहमीचा उतारा म्हणजे स्थानकाच्या पुढे, दोन रुळांच्या मध्ये, गाडी उभी करायला एक जास्तीची मार्गिका. संपलेली गाडी तिथे शिरते, चालक टोक बदलतो आणि गाडी समोरच्या फलाटावर परत येते. जगभरातल्या मेट्रोंमध्ये हाच मार्ग चालतो आणि तो स्वस्तही आहे. पण श्वाबश्ट्रासेला दर पाच मिनिटांनी एक गाडी संपते. एका मार्गिकेवर गाडी पाच मिनिटं राहणार असेल तर पुढची दारात येऊन ठेपलेली असते. एक मिनिट इकडचं तिकडे झालं की गाडं अडलं.

स्टुटगार्टने निवडलेला उपाय वेगळा. स्थानकाच्या पुढे हाझेनबेर्ग डोंगराच्या पोटात सुमारे दीड किलोमीटर लांबीचं भुयारी वळण खोदलं. गाडी एका फलाटावर रिकामी होते, पुढे डोंगरात शिरते, गोल फिरते आणि तोंड फिरवून समोरच्या फलाटावर हजर होते. चालक जागचा हलत नाही. ताशी 40 किलोमीटर वेग धरला तरी हे अंतर सव्वादोन मिनिटांचं. टोक बदलणं नाही, ब्रेकची नवी तपासणी नाही आणि समोरून येणाऱ्या गाडीचा मार्ग कापणं नाही. जाणाऱ्या रुळावरून वेगळं व्हायचं आणि येणाऱ्या रुळाला मिळायचं, एवढंच.

आधी सगळ्याच गाड्या इथे संपत होत्या

शहराच्या मध्यावर पाउल बोनाट्झने बांधलेलं मुख्य स्थानक 1922 मध्ये अंशतः सुरू झालं आणि 1928 मध्ये पूर्ण झालं. जमिनीवरचं, रूळ संपणारं, मुंबईच्या सीएसएमटीच्या जातीचं. उपनगरातून येणारा माणूस तिथे उतरायचा आणि पुढे ट्राम पकडायचा. शहर वाडग्याच्या तळाशी वसलेलं, तिन्ही बाजूंना डोंगर. पलीकडच्या फाइहिंगेन-बोब्लिंगेनकडे जाणारी गॉयबान ही रेल्वे 1879 पासून होती. ती डोंगराला वळसा घालत, हळूहळू चढत वर जाते. खिडकीतून खालचं शहर फार सुंदर दिसतं, पण रोज कामावर जाणाऱ्याला त्या सौंदर्याचा काही उपयोग नाही.

1971 मध्ये मुख्य स्थानकाखालून भुयार खोदायला सुरुवात झाली. 1 ऑक्टोबर 1978 रोजी एस1, एस5 आणि एस6 सुरू झाल्या, प्लोखिंगेन, लुडविग्सबुर्ग आणि वाइल देअर श्टाट इथून. तिन्हींचं शहरातलं टोक श्वाबश्ट्रासे. त्याच दिवशी एस-बान, ट्राम आणि बस यांचं एकच तिकीटही सुरू झालं. पुढच्या तीन वर्षांत बाकीचे मार्ग जोडले गेले. फाइहिंगेनकडे जाणारा बोगदा 29 सप्टेंबर 1985 रोजी उघडला. म्हणजे मधली सात वर्षं शहराच्या भुयारात शिरलेली प्रत्येक एस-बान गाडी श्वाबश्ट्रासेलाच उलटवावी लागत होती. या स्थानकाकडे फक्त आजच्या आकड्यांवरून पाहिलं की वळणाचा खर्च चैनीचा वाटतो. 1978 च्या आकड्यांवरून पाहिलं की तो हिशेब वेगळा दिसतो.

कोणतीही शहरी रेल्वे टप्प्याटप्प्याने उघडते आणि पहिल्या टप्प्याचं टर्मिनस दुसऱ्या टप्प्यात मधलं स्थानक होतं. पुण्यात स्वारगेटचं तेच होणार आहे. 2024 मध्ये तिथवर भुयारी मेट्रो आली आणि त्याच वर्षी कात्रजपर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. अशा स्थानकात तात्पुरत्या सोयीवर किती पैसा घालायचा, हा नियोजकांपुढचा अवघड प्रश्न असतो. स्टुटगार्टचं वैशिष्ट्य असं, की त्यांनी तात्पुरत्या गरजेसाठी बांधलेली वस्तू कायमची कामाला लावली. 1985 नंतर वळण मोडीत निघालं नाही. सगळ्या गाड्यांऐवजी निम्म्या गाड्या त्यातून फिरू लागल्या. शहराच्या उत्तर आणि पूर्वेकडे शाखा जास्त, दक्षिणेकडे कमी. सहा मार्गांपैकी तीन कुठे तरी आटोपते घ्यावेच लागणार होते आणि त्यांच्यासाठी जागा आधीच तयार होती.

फुगणारा दगड

या प्रकरणातला सर्वांत रोचक भाग प्रवाशाला कधी दिसत नाही. स्टुटगार्टच्या डोंगरात जिप्समयुक्त थर आहेत आणि खोलवर, जिथे पाणी पोचलेलं नाही तिथे, ॲनहायड्राइट आहे. ॲनहायड्राइट म्हणजे पाण्याविना असलेलं कॅल्शियम सल्फेट. कोरडं असेपर्यंत तो चांगला, कठीण दगड. पण त्याला पाणी लागलं की त्याचं जिप्सममध्ये रूपांतर होतं आणि त्याचं आकारमान सुमारे 60 टक्क्यांनी वाढू शकतं. बोगदा खोदणं म्हणजे नेमकं त्याला पाणी दाखवणं. खोदल्याने दगडावरचा दाब सुटतो, बारीक भेगा पडतात आणि वरच्या थरातलं पाणी त्या वाटेने खाली झिरपू लागतं. मग तळ वर येऊ लागतो. तेही एका रात्रीत नव्हे. वर्षानुवर्षं, मिलिमीटर-मिलिमीटरने, काँक्रीट फोडण्याइतक्या ताकदीने.

शहराला याची चव आधीच मिळाली होती. वागेनबुर्ग हा रस्त्याचा बोगदा या फुगण्यामुळे अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय होऊन बसला होता. आणि याच राज्यातल्या श्टाउफेन गावात 2007 मध्ये नगरपालिकेच्या इमारतीसाठी जमिनीतली उष्णता वापरायला बोअर मारले, पाणी ॲनहायड्राइटपर्यंत पोचलं, जुनं गाव वर उचललं गेलं आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. ती घटना वळणानंतर तीन दशकांनी घडली, पण हा दगड काय करू शकतो याचा त्याहून ठळक दाखला नाही.

श्वाबश्ट्रासेच्या पुढचं वळण अशा दगडातून न्यायचं होतं. म्हणून आधी चाचणीचे तुकडे खोदून पाहिले गेले. फुगणाऱ्या दगडाशी वागायच्या दोन रीती आहेत. एक, जाड आणि बंदिस्त काँक्रीटचं कडं घालून त्याला जागचं हलूच द्यायचं नाही. दोन, तळाखाली दबणारा थर ठेवून त्याला थोडं फुगू द्यायचं, म्हणजे दाब आपोआप उतरतो. पहिली रीत महाग आहे, तर दुसरीत आपण दगडाच्या भरवशावर राहतो. कुठली कुठे चालते हे कागदावर ठरत नाही, मोजमापावर ठरतं. या भागातल्या अनुभवाचा उपयोग पुढे स्टुटगार्टच्या परिसरातल्या इतर बोगद्यांच्या आखणीत झाला. मुख्य स्थानक जमिनीखाली नेणाऱ्या स्टुटगार्ट 21 या महाप्रकल्पाचे काही बोगदेही याच थरांतून गेले आहेत. गाडी उलटवण्याच्या सोयीसाठी खोदलेलं भुयार एका अर्थी दगडाची प्रयोगशाळाही ठरलं, हा माझ्या मते या खर्चाचा न मोजलेला परतावा.

वळणाचे गुण आणि त्याची तिरकी चाल

वळणाचा एक फायदा वेळापत्रकात दिसतो. त्यात एक गाडी निवांत थांबवता येते. समजा, हेरेनबेर्गहून येणारी एस1 तीन मिनिटं उशिरा आहे. वळणातली एस5 तिच्या आधी सोडायची की नंतर, हे नियंत्रकाला तिथे ठरवता येतं आणि थांबलेली गाडी कुणाच्या वाटेत येत नाही. फलाटावर उभी असती तर आली असती.

दुसरी गोष्ट जरा मजेशीर. साध्या टर्मिनसला गाडीचं तोंड कधीच बदलत नाही. विरारकडचं टोक विरारकडेच राहतं. म्हणून आपल्या बायकांना महिलांचा डबा फलाटावर कुठे येणार हे डोळे मिटून माहीत असतं, फर्स्ट क्लासवाल्यांचंही तसंच. वळणातून फिरलेली गाडी मात्र उलटी होऊन निघते. बाहेरच्या टोकाला साध्या पद्धतीने परतते आणि पुढच्या खेपेला पुन्हा उलटी. एका फेरीत जो डबा पुढे, तो पुढच्या फेरीत मागे. मुंबईत कुणी चर्चगेटच्या खाली असं वळण बांधलं तर पहिला मोर्चा महिलांच्या डब्यावरूनच निघेल, याबद्दल मला शंका नाही. चाकांना मात्र हे मानवतं. एकाच बाजूची झीज न होता ती दोन्हीकडे वाटली जाते.

आणि प्रवाशाची गैरसोय? ती आहे. विद्यापीठाच्या फाइहिंगेन कॅम्पसला जाणारा विद्यार्थी (त्यांत मराठी मुलंमुली बऱ्यापैकी आहेत) मुख्य स्थानकावर समोर आलेली पहिली गाडी घाईत पकडतो, ती निघते एस4. श्वाबश्ट्रासेला घोषणा होते, ‘एंडश्टात्सिओन, बिट्टे आल्ले आउसश्टायगेन’, शेवटचं स्थानक, सर्वांनी उतरावं. उतरायचं आणि मागच्या गाडीची वाट पाहायची. अडीच मिनिटांचा प्रश्न असतो, पण जानेवारीत लेक्चरला उशीर झालेला असताना ती अडीच मिनिटं बरीच लांब होतात. श्वाबश्ट्रासे ते युनिव्हर्सिटेट हा पट्टाही मोठा आहे, मध्ये स्थानक नाही, नुसता अंधार आणि कानांना दडे बसवणारा चढ. मुख्य स्थानकापासूनचा हा सलग बोगदा जवळपास 8.8 किलोमीटर लांबीचा.

अडचण सरकली

गाडी उलटवण्याचा वेळ वळणाने जवळजवळ शून्यावर आणला. पण गाडी रिकामी करण्याचा वेळ त्याच्या हातात नाही. संपणाऱ्या गाडीतून सगळे उतरले की नाही, कुणी कोपऱ्यात झोपलंय का, कुणाची बाबागाडी दारात अडकलीय का, हे सगळं त्या अडीच मिनिटांतच बसवायचं.

ही अडीच मिनिटं किती नाजूक आहेत हे 2013 मध्ये दिसलं. त्या वर्षी 430 मालिकेच्या नव्या गाड्या आल्या. त्यांच्या दारांखाली सरकता पायदान होता. गाडी थांबली की तो बाहेर येऊन फलाट आणि दार यांमधली फट झाकायचा, मग दार उघडायचं. निघताना दार बंद, पायदान आत, मग गाडी हलायची. कल्पना उत्तम, विशेषतः चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी. पण प्रत्येक स्थानकावर त्याने काही सेकंद जास्त घेतले आणि अधूनमधून तो अडकूही लागला. गावाकडच्या शाखेवर दहा सेकंदांनी काही बिघडत नाही. भुयारी मार्गात स्थानकामागून स्थानक सेकंद साठत गेले आणि एका गाडीचा उशीर सहा मार्गांवर पसरला. नव्या गाड्या काही काळ बाजूला काढून जुन्या परत आणाव्या लागल्या आणि पुढे त्या धावल्या त्या पायदान बंद ठेवून. डोंगर फोडून मिळवलेला वेळ दाराखालच्या एका पत्र्याने खाल्ला, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, फार नाही.

मला या प्रकरणात खटकतं ते वेगळंच. सहाही मार्ग एकाच भुयारातून जातात आणि उलटवण्याची सोय त्या भुयाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुख्य स्थानक आणि श्वाबश्ट्रासे यांच्या मध्ये काही बिघडलं तर वळण असून नसल्यासारखं, कारण तिथवर पोचताच येत नाही. श्वाबश्ट्रासेच्या पुढे बिघाड झाला तर उलट चित्र: सहाही मार्ग वळणातून परत फिरवता येतात, जसे 1985 च्या आधी फिरत होते. म्हणजे संरक्षण आहे, पण एकाच बाजूने.

अलीकडच्या उन्हाळ्यांत हे लोकांनी अनुभवलं. 2021 पासून शाळांच्या सुट्टीत भुयारी मार्ग आठवडेच्या आठवडे बंद ठेवून रूळ आणि सिग्नल यंत्रणेची कामं काढली गेली. आपल्याकडे रविवारचा मेगाब्लॉक असतो, तिथे तो सहा आठवड्यांचा. त्या काळात उत्तरेकडून आलेल्या गाड्या मुख्य स्थानकाच्या जुन्या, जमिनीवरच्या फलाटांवर संपवल्या जातात आणि डोंगरापलीकडे जायला रेल्वेगाड्यांना एकच वाट उरते, ती 1879 ची गॉयबान.

या बंदचं एक मोठं कारण ईटीसीएस ही नवी युरोपीय गाडी-नियंत्रण यंत्रणा. रुळालगतच्या दिव्यांऐवजी चालकाच्या समोरच्या पडद्यावर परवानगी येते आणि दोन गाड्यांमधलं अंतर त्यांच्या प्रत्यक्ष वेगावरून ठरतं. अडीच मिनिटांचं अंतर दोन मिनिटांच्या आसपास आणता येईल, असा त्यामागचा हिशेब आहे. म्युनिकच्या भुयारी मार्गावर जुन्या पिढीच्या तशाच सलग नियंत्रणाने तासाला 30 गाड्या चालतात, त्यामुळे हे अशक्य नाही. पण तासाला 30 गाड्या आणायच्या तर श्वाबश्ट्रासेला संपणाऱ्या गाड्याही वाढतील. वळणाला त्या पेलतील. येणाऱ्या रुळाला मिळताना दोन प्रवाह दर दोन मिनिटांच्या फटीत बसवणं हे मात्र सिग्नलचं नाही, वक्तशीरपणाचं काम आहे. उशिरा आलेल्या एस2 साठी एस6 थांबवली की वळणात तिच्यामागे दुसरी येऊन उभी राहते. नव्या यंत्रणेवर खर्च होणाऱ्या पैशाचा एक वाटा दारं, फलाटावरचे मदतनीस आणि चालकांची संख्या यांवर गेला असता तर फरक लवकर दिसला असता, असं माझं मत आहे.

दरम्यान स्टुटगार्ट 21 मुळे जमिनीवरचे जुने फलाट जाणार आहेत आणि त्यांच्यासोबत गॉयबानचा मुख्य स्थानकाशी असलेला थेट जोडही. त्याची तारीख प्रकल्पाबरोबर पुनःपुन्हा पुढे गेली आहे. मुंबईचं 1968 पासूनचं हे भगिनी-शहर तिथल्या रिकाम्या जमिनीवर नवी वस्ती उभारायची म्हणतंय. प्रवासी संघटनांचं म्हणणं सरळ आहे: तो जोड तोडलात, तर भुयार बंद पडलेल्या दिवशी डोंगराच्या अलीकडची एस-बान अलीकडे आणि पलीकडची पलीकडे. उत्तरेला एखादं नवं स्थानक करून गॉयबान तिथपर्यंत तरी चालू ठेवावी, अशी मागणी पुढे आहे. तसं झालं तर जुने फलाट गेल्यावरही भुयाराच्या उत्तर टोकाला काही गाड्या उलटवण्याची सोय राहील.